एस्प्रेसोचा शॉट १० सेकंदात संपतो आणि आंबट लागतो

एस्प्रेसो लवकर संपतो या तक्रारीवर टॅम्प अजून जोरात करा, म्हणजे पावडर आणखी घट्ट दाबा, असं सुचवलं गेलंय, पण शॉट (मशीनमधून एका वेळी उतरणारी कॉफी) १०-१२ सेकंदात धो धो पडतोय आणि आंबट लागतोय म्हणजे दळण जाड आहे, दाबून काही होणार नाही. डोस पक्का ठेवा, १८ ग्रॅम पावडर आणि कपात साधारण ३६ ग्रॅम, आणि ते २५-३० सेकंदात उतरेपर्यंत फक्त ग्राइंडर एकेक खूण बारीक करत जा, बाकी कशालाच हात लावू नका प्लीज. सेटिंग बदललं की आधीचं दळण आत अडकलेलं असतं, ते दोनेक ग्रॅम काढून टाका नाहीतर पुढचा शॉट फसवतो. चिमटीत धरलं तर पिठीसाखरेपेक्षा किंचित खरखरीत लागलं पाहिजे. थेंब थेंब पडून कडू झाला तर उलट, म्हणजे जाड दळणाकडे जायचं.

मिक्सरचं दळण मात्र खरंच नको, त्यात अर्धी भुकटी अर्धी कणी, एकाच कपात कडूही आणि आंबटही. आणि मशीनसोबत आलेलं बास्केट (पावडर भरायची जाळीची वाटी) डबल वॉल, म्हणजे दुहेरी तळाचं आहे का बघा, त्याला खाली एकच बारीक भोक असतं, दाब तेच तयार करतं, मग ग्राइंडचा फरक नीट कळतच नाही. सिंगल वॉल, म्हणजे एकाच तळाचं मिळालं तर आधी ते घ्या.