विषय: स्कीइंगला तोंड-डोकं झाकायला काय घ्यावं?

नमस्कार मंडळी,
आम्ही पहिल्यांदाच स्कीइंगला निघालोय. मागे नुसतं बर्फात फिरताना लोकरी माकडटोपी घातली होती. तासाभरात तोंडावरचा भाग ओला झाला आणि नंतर चक्क कडक! श्वास कोंडला, गॉगलवर वाफ ती वेगळीच. ऊबही राहील आणि गुदमरायलाही होणार नाही, असं काही सुचवाल का?

---

उत्तर:
नमस्कार,
माकडटोपीला नावं ठेवू नका, तिचीच पातळ बहीण घ्या, बालाक्लाव्हा. पातळच हवी. जाड टोपीवर हेल्मेट नीट बसत नाही आणि नेमकं पडताना सरकतं. हेल्मेटचं माप टोपी घालूनच बघा.

कापड मेरिनोचं उत्तम. ही लोकर स्वतःच्या वजनाच्या साधारण ३० टक्के ओल पोटात घेते, तरी ओली लागत नाही. वासही फारसा धरत नाही. पॉलिएस्टर चटकन वाळतं, पण दुसऱ्या दिवशी जवळ कुणी उभं राहणार नाही! सुती मात्र अजिबात नको, भिजलं की वाळायचं नाव घेत नाही.

वाफेचं म्हणाल तर दोष बहुधा गॉगलचा नसतो. कापडाची वरची कड गॉगलच्या आत खोचली की उच्छ्वास थेट गार काचेवर जातो. कड गॉगलच्या काठावरच्या फोमच्या खाली टेकवा, आत नाही. तोंडापुढे जाळी किंवा भोकं असलेलं घ्या. गॉगल घामट कपाळावर चढवू नका आणि आतली काच ओली असताना पुसू नका, वाफरोधक थर निघतो.

---

उत्तर:
सगळं मान्य, फक्त बालाक्लाव्हापेक्षा मला गळ्यातला बफ, म्हणजे कापडाची ताणली जाणारी नळी, बरा वाटतो. उतरताना अंग तापतं तेव्हा हनुवटीखाली ओढायचा, उतारावर वर नेणाऱ्या उघड्या खुर्चीच्या लिफ्टवर वाऱ्यात नुसतं बसायचं असतं तेव्हा नाकावर. तोंडाशी ओला झाला की फिरवून कोरडी बाजू पुढे. तरी खिशात दुसरा असू द्या.

मला दमा आहे. थंड कोरडी हवा सरळ आत गेली की छाती आवळते, म्हणून मी तोंड उघडं ठेवतच नाही. कापडातून हवा जरा कोमट, दमट होऊन येते. आणि लिफ्टवर एकमेकांची नाकं-गाल बघत जा. पांढुरका, बधिर डाग दिसला की लगेच आत जा, बर्फाने चोळू नका.

---

उत्तर:
आभार! म्हणजे मी कड आत खोचत होतो आणि शिव्या गॉगलला देत होतो. दोन मेरिनो बफ घेतो. माकडटोपी झोपताना घालीन.