निरोप पोचला का? (अनुभव धागा)

परवा सकाळी आईचा फोन. "दोन टिका आल्यात, पण निळ्या होत नाहीयेत. रागावलायस का?" मी अंघोळीला गेलो होतो, एवढंच. हीच आई, १९९४ साली मी हॉस्टेलवर असताना पंधरा-पंधरा दिवस पत्र आलं नाही तरी 'अभ्यासात असेल' म्हणून निवांत असायची. (अभ्यासात नसायचो, तो भाग वेगळा.)

तर याहू मेसेंजरपासून व्हॉट्सॲपपर्यंत, या झटपट निरोपांनी तुमच्या घरात, धंद्यात, नात्यांत नक्की काय केलं? बरंवाईट दोन्ही लिहा. फक्त 'पूर्वी माणसं एकमेकांना भेटायची' हे वाक्य नको. ते रोज सकाळी गुलाबाच्या फोटोखाली वाचतोच आहोत.

माजी कॅफेवाला
२००० साली नाशिकला सायबर कॅफे टाकला. सहा पीसी, तासाला चाळीस रुपये. मेल बघणारे दहा मिनिटांत उठायचे. धंदा दिला तो याहू मेसेंजरने. पोरं 'एएसएल' विचारत बसायची, म्हणजे वय, लिंग, गाव. पलीकडून कोणी 'बझ' केलं की खिडकी थरथरायची आणि शेजारच्या पीसीवरचा दचकायचा.

दर रविवारी सकाळी एक आजोबा यायचे. मुलगा न्यू जर्सीला. त्यांना टाइप करता येत नसे, म्हणून ते सांगणार आणि मी रोमनमध्ये बडवणार. "लिही, आईचा गुडघा आता बराय." बरा कुठला? आजींना कॅफेच्या तीन पायऱ्या चढवत नसत, त्या बाहेर रिक्षातच बसून राहायच्या. तिकडून विचारणा यायची, "खरंच ना?" आजोबा माझ्याकडे बघायचे. मी 'हो' टाइप करायचो. असं किती खोटं माझ्या हातून गेलंय! २०१८च्या जुलैत ते मेसेंजर कायमचं बंद झालं. मी त्याच्या कितीतरी आधीच झेरॉक्स आणि स्टेशनरीवर आलो होतो.

सत्तर अक्षरी
आमचा जमाना एसएमएसचा. रोमनमध्ये एका मेसेजात १६० अक्षरं मावायची, देवनागरीत ७०. म्हणजे मराठीतून प्रेम करणं दुपटीहून महाग! त्यामुळे आमचं लग्न जमेपर्यंतचं सगळं रोमन लिपीत आहे. त्यात सणाच्या दिवशी एसएमएस पॅक चालायचा नाही, पूर्ण पैसे कापले जायचे. आम्ही पाडव्याच्या शुभेच्छा वसुबारसेलाच उरकायचो.

डोंबिवली फास्ट नाही स्लो
सत्तर अक्षरी, २०११ मध्ये ट्रायने (दूरसंचार नियामकाने) दिवसाला १०० एसएमएसची मर्यादा घातली होती, ते विसरलात? आमचं एक भांडण ९९ वर आलं होतं. शंभरावा 'सॉरी'साठी राखून ठेवला. दोघांनीही. कोणीच पाठवला नाही.

दुबईकर
इथे व्हॉट्सॲपवर मेसेज जातो, कॉल लागत नाही. त्यामुळे घरचा सगळा व्यवहार व्हॉइस मेसेजवर. बाबांचा मेसेज सुरू होतो "हॅलो, ऐकू येतंय का?" असा, आणि ते रेकॉर्डिंगमध्येच माझ्या उत्तरासाठी थांबतात. मागून कुकरची शिट्टी, आईचं "आमसुलं पाठवलीत ते सांगा". शेवटी "बरं, ठेवतो".

खडू-फळा
मी साक्री तालुक्यात शिक्षक आहे. १ जुलै २०१८ ला आमच्याच तालुक्यात राईनपाड्याला, मुलं पळवणारी टोळी समजून, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. 'टोळी फिरतेय' असे मेसेज त्याआधी आमच्या ग्रुपवरही येत होते. मी वाचले, 'खोटं असणार' म्हटलं आणि पुढे गेलो. ग्रुपवर तसं लिहिलं मात्र नाही. सगळे ओळखीचे, कशाला वाद, असं वाटलं.

त्याच महिन्यात भारतापुरती, एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा जाहीर झाली. आता मी लिहितो, 'हे खोटं आहे'. आत्तापर्यंत दोन ग्रुपांनी काढून टाकलंय.

काळा कोट
धागालेखक, आईंना सांगा, त्यांचा मुद्दा कोर्टातही टिकेल. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने व्हॉट्सॲपवर पाठवलेली नोटीस बजावली गेली असं मानलं, कारण पीडीएफ पोचली आणि उघडलीही गेली हे टिकांवरून दिसत होतं. आता अशील पहिलं विचारतात, "मॅडम, निळी टिक बंद करून ठेवू का?"

ब विंगचा ॲडमिन
वकीलताई, मेंबरांनी काही टाकलं तर आम्ही आत जाणार का? झोप लागत नाही.

काळा कोट
झोपा. नुसतं ॲडमिन असणं हा गुन्हा नाही, असं नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलंय. तुम्ही स्वतः काही टाकत नाही ना?

जिन्याखाली
४ ऑक्टोबर २०२१, रात्री नऊच्या सुमारास व्हॉट्सॲप बंद पडलं, आठवतंय? सासूबाईंनी राउटर तीनदा बंद-चालू केला. थोड्या वेळाने वरच्या मजल्यावरच्या जाऊबाई चक्क जिना उतरून आल्या. बंदी घातलेलं वाक्य मी म्हणणार नाही, कारण त्या भांडायला आल्या होत्या. सर्वपित्रीचा स्वयंपाक कोणाकडे, या त्यांच्या मेसेजला मी दोन तास उत्तर का दिलं नाही म्हणून. मेसेज आलाच नव्हता! त्यांनी फोन पुढे केला. एकच टिक होती.

धागालेखक
आईला सगळं वाचून दाखवलं. तिला एकच विचारायचंय, त्या मुलाला गुडघ्याचं कळलं का शेवटी?

माजी कॅफेवाला
कळलं. दिवाळीत आला होता. कॅफेत येऊन म्हणाला, "बाबांचं टाइप करायचे ते तुम्हीच ना?" मी हो म्हटलं. पुढे काहीच बोलला नाही. पीसीवर बसलाही नाही. चाळीस रुपये काउंटरवर ठेवले आणि गेला.