मदत हवी आहे: मृत्युपत्रातली जमीन नॅशनल पार्क फाउंडेशनला, पुढे काय?

शेवंता_व्हीए: काका गेले. मृत्युपत्रात केबिन आणि जमीन नॅशनल पार्क फाउंडेशनच्या (अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांना मदत करणारी संस्था) नावे, एक्झिक्युटर (मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारी) मी. सीपीए (हिशेब-कर बघणारा) म्हणतो, ही सरकारी संस्था, काँग्रेसची (अमेरिकन संसदेची) परवानगी लागेल. खरं का? शुक्रवारी वकिलाला भेटायचंय, लवकर सांगा.

दगडफूल: कुठलं राज्य? जमिनीवर कर्ज आहे का? हे न सांगता काय सांगणार!

खडीसाखर: सरकारीच आहे. माहिती अधिकारात अर्ज टाका.

मैलाचा_दगड: नाही हो. १९६७ साली काँग्रेसने कायदा करून ही संस्था स्थापन केली, पण ती खातं नव्हे, धर्मादाय ना-नफा कॉर्पोरेशन आहे. सेक्रेटरी ऑफ द इंटिरियर (अंतर्गत खात्याचे मंत्री) आणि नॅशनल पार्क सर्व्हिस या सरकारी उद्यान खात्याचे संचालक हे दोघे तिच्या मंडळावर पदसिद्ध, बाकीचे खासगी नागरिक, बिनपगारी. तिला स्वतःच्या नावाने दावा लावता येतो, तिच्यावरही लावता येतो. तिच्या कर्जाला अमेरिकन सरकार जबाबदार नाही. दरवर्षी काँग्रेसला अहवाल द्यावा लागतो. देणगी घ्यायला वेगळी परवानगी नको.

नाना_ठाणे: आमच्या ट्रस्टची जागा विकायला धर्मादाय आयुक्तांकडे कलम ३६ खाली किती खेटे घातले! आधी परवानगी घ्याच.

मैलाचा_दगड: नाना, तो महाराष्ट्राचा १९५० चा कायदा, इथे लागू नाही.

शेवंता_व्हीए: सॉरी, व्हर्जिनिया, शेनान्डोह नॅशनल पार्कजवळ. होम इक्विटी लोन (घर तारण ठेवून काढलेलं कर्ज) बाकी आहे. छत गळतं, स्वयंपाकघरात बादली ठेवलीय.

खडीसाखर: ऑक्टोबरात तिथल्या पार्कातला स्कायलाइन ड्राइव्ह रस्ता! पानगळ चुकवू नका.

दगडफूल: तिला काकांच्या जागेचं निस्तरायचंय, पानांचं काय.

मैलाचा_दगड: बोजा असलेली जागाही घेता येते. मात्र जिच्यासाठी संस्थेच्या स्वतःच्या पैशांबाहेरून खर्च करावा लागेल, अशी देणगी घ्यायला कायद्याने मनाई आहे. आणि घेतलीच पाहिजे असं बंधन कुठेच नाही. मृत्युपत्रात अट नसेल तर पुढे त्यांना ती विकताही येते. नेमकी वाक्यरचना काय आहे?

शेवंता_व्हीए: 'जशी आहे तशी राहावी अशी माझी इच्छा.' काकांनी ओढ्याकाठची तीन झाडंही लिहिलीत.

मैलाचा_दगड: इच्छा की बंधनकारक अट, हेच शुक्रवारी वकिलाला पहिलं विचारा. लोनचं स्टेटमेंट सोबत न्या. मगच फाउंडेशनला लिहा.

नाना_ठाणे: झाडं कसली आहेत?

शेवंता_व्हीए: अक्रोडाची. काकांनीच लावलेली.