पर्स म्हणजे पाकीट, थैली की तनखा?

धुळ्याहून एका दादांनी विचारलंय: ‘प्रिव्ही पर्स’मधली पर्स आणि बायकांच्या खांद्यावरची पर्स एकच का?

दादा, शब्द एकच. मूळ ग्रीक ‘बिर्सा’, म्हणजे कातडं. त्यावरून लॅटिन ‘बर्सा’, कातडी पिशवी. शेअर बाजाराला म्हणतात तो ‘बोर्स’ही याच घरातला.

आपल्याकडे बाईची ती पर्स आणि पुरुषाचं ते पाकीट. जळगाव स्टँडवर एखादी मावशी ‘मन्ही पर्स गाडीमा ऱ्हायी गयी’ म्हणाली, तर कंडक्टर सीटवर चेनवाली, पट्ट्याची बॅगच शोधणार. अमेरिकेतही हाच अर्थ चालतो. इंग्लंडमध्ये मात्र पर्स म्हणजे बायकांचं हातात मावणारं, नाणी-नोटांचं छोटं पाकीट; मोठी ती हँडबॅग. इंग्रजी गोष्ट वाचताना हे लक्षात ठेवायलाच हवं.

जुनी पर्स आपल्या बटव्यासारखी. नाडी ओढली की तोंडाला चुण्या पडतात आणि ते मिटतं. ओठ आवळून घेण्याला इंग्रजीत ‘पर्स’ हे क्रियापद आलं ते यावरूनच. तिकडे ती पट्ट्याला लोंबत असे, चोर नाडी कापून पळवायचा, म्हणून त्याचं नाव ‘कटपर्स’. आपला खिसेकापू त्याचाच भाऊबंद. घरखर्चाच्या ‘पर्स स्ट्रिंग्ज’ ज्याच्या हाती, त्याच्याकडे आपण आर्थिक नाड्या आहेत म्हणतो. ही जोडी मला फार आवडते.

आता प्रिव्ही पर्स. ही रक्कम सरकार संस्थानिकांना दरसाल देत असे. 1971 साली 26व्या घटनादुरुस्तीने ती बंद झाली. मराठीत तिला ‘तनखा’ हा नेमका शब्द आहे. उत्तरपत्रिकेत ‘संस्थानिकांचे तनखे’ असंच लिहा, त्यात पिशवी आणू नका. ‘पब्लिक पर्स’ म्हणजे सरकारी तिजोरी. मुष्टियुद्धातली पर्स म्हणजे लढतीची रक्कम.

सत्कारात वर्गणी जमवून देतात ती पर्स म्हणजे थैली. 1916 मध्ये लोकमान्यांच्या साठीला लोकांनी एक लाखाची थैली अर्पण केली होती. असा भारदस्त शब्द हाताशी असताना सत्काराच्या पत्रिकेत ‘पर्स देऊन गौरव’ वाचलं की वाईट वाटतं. आयपीएल लिलावातली पर्स मात्र राहू द्यावी, ती आता सगळ्यांना कळते.

एक विचारायचं आहे. रावेर-यावलकडच्या मंडळींनो, कमरेला खोचायच्या नाडीच्या पिशवीला तुमच्याकडे ‘बटवा’ म्हणतात, ‘कसा’ म्हणतात, की तिसरंच काही?