मूल शाळेत रमलंय, मग इलेव्हन प्लससाठी त्याला पिळायचं का?

बक्सची आई
आम्ही बकिंगहॅमशायरमध्ये राहतो. मुलगी इयर फाइव्हला (वय नऊ-दहा), एका छोट्या प्रेप शाळेत आहे. इकडे नवीन आलेल्यांसाठी सांगते: प्रेप म्हणजे साधारण अकरा किंवा तेरा वर्षांपर्यंतची खासगी शाळा. तिथून मुलं परीक्षा देऊन ग्रामर शाळेत, म्हणजे परीक्षेवर निवड करणाऱ्या सरकारी शाळेत, नाहीतर मोठ्या खासगी शाळेत जातात. ग्रामरची ती परीक्षा म्हणजेच इलेव्हन प्लस. आमच्या शाळेत एका इयत्तेची एकच तुकडी, वर्गात 14 मुलं.

गेल्या आठवड्यात पालकसभा झाली. मुख्याध्यापिकांनी स्पष्ट सांगितलं की इलेव्हन प्लसचा सराव आठवड्यातून दोन तास होईल, त्यापलीकडे त्याचा गृहपाठ नाही. बुधवारची दुपार मैदानावर आणि शुक्रवारची शाळेमागच्या झाडीत जाते, तीही कापणार नाहीत. निम्मे पालक उखडले. "मग फी कशाची भरतोय आम्ही?" असं एकांनी उभं राहून विचारलं.

मला बाईंचं पटतं, आणि का ते सांगते. आधीच्या शाळेत वर्गात 30 मुलं होती. दर रविवारी संध्याकाळी हिच्या पोटात दुखायचं. इथे आल्यावर तिसऱ्याच आठवड्यात वर्गशिक्षिकेच्या लक्षात आलं की भागाकार करताना ही डाव्या हाताने वही झाकते. त्या शेजारी बसल्या. वजाबाकी बरोबर होती, फक्त आकडे खाली उतरवताना रकाना सरकत होता. त्यांनी चौकटींची वही दिली आणि रोज दोनच गणितं घातली. दिवाळीपर्यंत भागाकार जमला आणि रविवारची पोटदुखीही गेली. म्हणून "अभ्यास हवा की आनंद?" हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. तुम्हाला काय वाटतं?

रेडिंगचा बाबा
ताई, चौकटींच्या वहीचं वाचून खरंच बरं वाटलं. पण सभेत उठलेल्या त्या गृहस्थांची बाजूही समजून घ्या. जानेवारी 2025 पासून फीवर 20 टक्के व्हॅट लागला. ग्रामर शाळेला फी नाही. अख्ख्या इंग्लंडमध्ये ग्रामर शाळा 163, त्यातल्या 13 तुमच्या बक्समध्ये. आमच्या रेडिंगला दोनच, एक मुलांची, एक मुलींची, आणि परीक्षेला लांबलांबून मुलं येतात. ज्यांना पुढची सात वर्षं फी झेपणार नाही, त्यांनी दोन तासांच्या सरावावर विसंबून राहायचं का?

आणि सरावाला आपण एवढं घाबरतो कशाला? आपली चौथीची स्कॉलरशिप आठवा. भाषा, गणित, बुद्धिमत्ता चाचणी. आकृत्यांच्या मालिका, सांकेतिक भाषा, आरशातली प्रतिमा. इथल्या रीझनिंगच्या पेपरात बरंचसं तेच असतं आणि ते सरावानेच येतं. आमच्या बाई सकाळी सातला जादा तास घ्यायच्या. आम्ही दहा-बाराजण दप्तरं सांभाळत धावत जायचो. त्या वर्षी मी दुःखी होतो असं मला अजिबात आठवत नाही.

प्रेपमधली शिक्षिका
बाबा, तुमचा जादा तास तुमच्याच बाई घ्यायच्या, हे विसरू नका. कोणाचं काय अडतंय ते त्यांना ठाऊक होतं. इथे शनिवारी एका कोचिंग सेंटरच्या हॉलमध्ये मॉक टेस्ट असते, आईबाबा खाली गाडीत थांबतात, आणि शिकवणारीला मुलाचं नावही धड माहीत नसतं. सोमवारी ते मूल माझ्यासमोर डोळे चोळत बसतं. अपूर्णांकांची युक्ती पाठ असते, पण तीन अष्टमांश मोठे की निम्मे, विचारलं की गप्प.

आमच्या शाळेत दुपारी जेवायला शिक्षक मुलांच्याच टेबलावर बसतात. कोण जेवलं नाही, कोणाशेजारी आज कोणी बसलं नाही, हे मला तिथे कळतं आणि दुपारचा तास मी त्याप्रमाणे घेते. खासगी शाळा तपासणाऱ्या आयएसआयनेही 2023 पासून एकशब्दी शेरे बंद केले आणि मुलांचं स्वास्थ्य तपासणीच्या केंद्रस्थानी आणलं.

पण शाळांची एक चूक मला सलते. प्रगतिपुस्तकात आम्ही "छान रमली आहे, उत्साही आहे" असं गोड गोड लिहितो. मूल नेमकं कुठे आहे ते इयर फोरमध्येच सांगायला हवं. शाळेने ते लपवलं की पालक घाबरून सेंटर गाठतात. त्यात दोष शाळेचाच.

हॅरोची आई
छोटी शाळा म्हणजे मूल आनंदी, हे मला मान्य नाही. आमच्या मुलीच्या प्रेपच्या वर्गात मुली पाचच होत्या. चौघी एक झाल्या आणि ही एकटी पडली. दुसरी तुकडी नाही, त्यामुळे जाणार कुठे? शिक्षिका चांगल्या होत्या, पण मैत्रीण काही त्या देऊ शकत नव्हत्या. दीड वर्ष सोसलं आणि सरकारी प्रायमरीत घातलं. तीन तुकड्या, 90 मुलं. पहिल्याच महिन्यात दोन मैत्रिणी घरी आल्या, पोहे खाल्ले, सोफ्यावर उड्या मारल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

बक्सची आई
हॅरोची आई, तुमचं वाचून गलबलून आलं. आमच्याकडे मुली सहा आहेत. हा विचार मी केलाच नव्हता.

बाबा, तुमचा फीचा मुद्दा खोडण्यासारखा नाही. आम्हालाही पुढे फी जड जाणार आहे. पण माझं दुखणं वेगळं आहे. आमची परीक्षा सप्टेंबरमध्ये, इयर सिक्स सुरू होताच. पास व्हायला 121 गुण लागतात. सेंटरवाले म्हणतात, या ऑगस्टमध्ये भारतात जाऊ नका. साताऱ्याला हिचे आजोबा 81 वर्षांचे आहेत. वर्षातून एकदाच भेट होते. नातीला सायकलवर पुढे बसवायचे, आता ती त्यांना हात धरून ओट्यापर्यंत नेते. तो महिना मी कोणत्या तराजूत घालू?

रेडिंगचा बाबा
साताऱ्याला जाच. पुस्तकं सोबत न्या, सकाळी उन्हं चढायच्या आत एक तास, आजोबांच्या शेजारीच बसवा. पण दोन तासांचा सराव पुरतो, हे मी अजूनही मानत नाही.

प्रेपमधली शिक्षिका
ताई, मुख्याध्यापिकांना भेटा आणि प्रमाणित चाचण्यांचे गेल्या दोन वर्षांचे गुण मागा. 100 म्हणजे त्या वयाची सरासरी. मुलगी 115 च्या आसपास असेल तर रोजचा तास उपयोगी पडेल. 100 च्या आसपास असेल, तर तिच्यासाठी ग्रामर योग्य आहे का, हेही तेव्हाच विचारा.

बक्सची आई
सोमवारी साडेतीनची वेळ मिळाली आहे. गुण मागतेच. आणि सहा मुलींत हिचं कोणाशी जमतं, जेवताना ही कोणाशेजारी बसते, तेही विचारणार आहे.