सुनावणी ‘ब्रॉट फॉरवर्ड’: पुढे की अलीकडे?

एका नोटिशीत वाक्य आहे: ‘द हिअरिंग हॅज बीन ब्रॉट फॉरवर्ड टु १२ मार्च.’ आधीची तारीख १९ मार्च. मराठी भाषांतराच्या मसुद्यात ‘सुनावणी पुढे घेण्यात आली आहे’ असं होतं, तपासणाऱ्यांनी ते खोडलं. मग लिहायचं काय?

— खोडलं ते बरोबरच. मराठीत तारीख पुढे गेली म्हणजे लांबली. ते वाचून पक्षकार १२ला फिरकणारच नाहीत. ‘१९ मार्चची सुनावणी आता १२ मार्चला होईल’ असं लिहा. दोन्ही तारखा हव्यातच, नुसत्या क्रियापदावर भिस्त नको. बोलताना ‘अलीकडे घेतली’ चालतं.

— याचं जुळं ‘पुश बॅक’, म्हणजे लांबणीवर टाकणं. त्याचं ‘मागे घेतली’ केलंत तर अर्जच मागे घेतल्यासारखं वाटेल. त्याला ‘अगेन्स्ट’ जोडलं की तारखेचा संबंध संपला, अर्थ होतो विरोध करणं. ‘मूव्ह फॉरवर्ड’ तर इंग्रजी बोलणाऱ्यांनाही चकवतं. बुधवारची मीटिंग दोन दिवस ‘मूव्ह्ड फॉरवर्ड’ म्हटलं की कोणी सोमवार धरतं, कोणी शुक्रवार. मानसशास्त्रात यावर प्रयोग झालेत.

— एवढा खल कशाला? ‘प्रीपोन’ लिहा, सगळ्यांना कळतं.

— मराठी नोटिशीत प्रीपोन? ‘अग्रेषित’ आहे की.

— अग्रेषित होतो तो कागद, एका टेबलावरून पुढच्या टेबलाकडे. तारीख नव्हे. आता कुणी ‘तहकूब’ काढू नका म्हणजे झालं.

— काढतोच! तहकूब फारसी वळणाचा, त्यापेक्षा ‘स्थगित’ शुद्ध.

— शुद्ध असेल, पण कोर्टात दोन्ही एक नाहीत. कामकाज तहकूब होतं ते पुढच्या तारखेपर्यंत. स्थगिती मिळते ती आदेशाच्या अंमलबजावणीला.

— खतावणीत पाहा, तिथे ‘ब्रॉट फॉरवर्ड’ म्हणजे ‘मागील पानावरून’. आधीच्या पानाची बेरीज या पानाच्या डोक्यावर येते. तळाशी ‘कॅरिड फॉरवर्ड’, म्हणजे ‘पुढील पानावर’. तिथे ‘अलीकडे’ लिहून दाखवा!

— आणि घड्याळ? ब्रिटनमध्ये उन्हाळी वेळेसाठी मार्चच्या शेवटच्या रविवारी रात्री घड्याळात एकचे दोन करतात. इंग्रजीत ‘फॉरवर्ड’, मराठीतही पुढेच.

— काटा पुढे गेला की सुनावणीची वेळ तासभर आधीच येऊन ठेपते. म्हणजे मसुदा लिहिणारा अगदीच चुकला नव्हता म्हणायचं.

— घड्याळवाल्यांनी वेगळा धागा काढावा.