मदत हवी आहे: सुवॉनमध्ये सासू-सासऱ्यांना काय दाखवू? (सोल नको)

चिंचगुळ:
सासू-सासरे पुढच्या आठवड्यात येताहेत. दोन दिवस फक्त सुवॉन दाखवायचंय. नवऱ्याला सुट्टी नाही, म्हणजे सगळं माझ्याच गळ्यात. इथल्या ह्वासोंग किल्ल्याच्या तटावरून फिरा असं जो तो सांगतो, पण चढायचं कुठून आणि उतरायचं कुठे हे कोणी सांगत नाही. गूगल मॅपवर चालायचा रस्ताच येत नाही. किल्ल्याशिवाय काहीतरी नवीन, चकाचकही हवंय. पटापट सांगा प्लीज, उद्या रात्री घरी ठरवायचंय.

बिनसाखरेचा चहा:
सोल का नको? सुवॉन स्टेशनवरून लांब पल्ल्याची गाडी पकडली तर अर्ध्या तासात सोल. ग्योंगबोकगुंग राजवाडा (मंगळवारी बंद), बुकचोनची जुनी घरं, नामसान टॉवर, १२३ मजली लोट्टे टॉवर. दोन दिवसांत आरामात होतं. सुवॉन म्हणजे सोलचं उपनगर, तिथे काय ठेवलंय?

चिंचगुळ:
शीर्षक वाचा हो.

दुर्गवेडा:
उपनगर?? अहो, ग्योंगी प्रांताची राजधानी आहे ती. आणि ह्वासोंग किल्ला १९९७ पासून जागतिक वारसा यादीत आहे. राजा जोंगजोने १७९४ ते १७९६ मध्ये बांधून घेतला. त्याच्या बापाला, राजपुत्र सादोला, आजोबांनीच १७६२ मध्ये तांदळाच्या पेटाऱ्यात कोंडून मारलं होतं. जोंगजो गादीवर आल्यावर त्याने बापाची कबर सुवॉनजवळ हलवली आणि मग हे शहर आणि हा किल्ला उभा केला. तटाची लांबी पावणेसहा किलोमीटरच्या आसपास. माझं ऐका, दक्षिणेच्या दरवाज्यापासून, पालदालमुनपासून सुरुवात करा, पायऱ्यांनी थेट डोंगरमाथ्यावर सोजांगदेला चढा आणि पूर्ण वेढा मारा. अर्धवट किल्ला बघणं म्हणजे किल्ला न बघणं.

सुमाकाकू:
अगं चिंचगुळ, आधी हे सांग. दोघांची वयं काय? गुडघे कसे आहेत? शाकाहारी आहेत का? कोणते वार? आणि सोल का नको, ते कळलं तर चहावाले गप्प बसतील. :)

चिंचगुळ:
सोल मागच्या खेपेला झालंय, नणंदेने दाखवलं. सासरे ७२, सासूबाई ६८. सासूबाईंच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे. दोघंही शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. शुक्रवार-शनिवार. बरोबर बाळ बाबागाडीत. पण याचा वाटेशी काय संबंध? मी फक्त कुठून चढायचं ते विचारलं होतं.

सुमाकाकू:
दुर्गवेडाने सांगितलेल्या पायऱ्या सासूबाईंना चढायला लावल्यास की कळेल संबंध.

खडीसाखर:
मी सुवॉनमध्येच राहते. पालदालमुनकडून चढायचं नाही! तो दरवाजा तसाही गाड्यांच्या वर्तुळात एकटाच उभा आहे, दोन्ही बाजूंचा तट गेलाय, भोवती बाजार. तिथून वर जाणाऱ्या पायऱ्या उभ्या आहेत.

तू उत्तरेच्या दरवाज्यापासून, जांगानमुनपासून सुरू कर आणि पूर्वेकडे चालत जा. हा बराचसा सपाट भाग आहे. थोड्या अंतरावर ह्वाहोंगमुन लागतो, खालून सात कमानींतून ओढा वाहतो. त्याच्या शेजारी उंचवट्यावर बांगह्वासुर्यूजोंग नावाचा मंडप, खाली गोल तळं. इथे घाई करू नकोस. लोक तळ्याकाठच्या गवतावर चटया टाकून बसलेले असतात, चटई भाड्यानेही मिळते. सासूबाईंना तिथे बसव, बाळाला सोड. पुढे योनमुदेच्या मैदानात पैसे भरून दहा बाण मारता येतात, सासऱ्यांना मजा येईल. पूर्वेच्या दरवाज्याला, चांग्न्योंगमुनला उतरा, संपलं.

तटावर मधे मधे पायऱ्या आहेत, बाबागाडी अडते. या बाजूला तटाच्या बाहेरून हिरवळीतून वाट आहे, तिथून ढकल. भिंत बाहेरून जास्त उंच दिसते, फोटोही तिथूनच चांगले येतात.

दुर्गवेडा:
म्हणजे सोजांगदे बघायचंच नाही? सेनापतीची जागा ती! वरून अख्खं शहर दिसतं. सासूबाई खाली थांबतील, सासऱ्यांना तरी वर न्या.

खडीसाखर:
आणि सासूबाईंजवळ कोण थांबणार, बाबागाडी?

दुर्गवेडा:
बरं. पण मग निदान या गोष्टी सोडू नका. एक, दरवाज्यापुढचा अर्धगोल परकोट. रायगड-राजगड पाहिलेल्या माणसाला आपली गोमुखी रचना (वळणाआड लपवलेला दरवाजा) आठवेल, पण इथे गोल भिंत दरवाज्यालाच पोटाशी घेते. दोन, जंग्या, म्हणजे तटातली मारा करायची भोकं. जवळचा मारा करायच्या जंग्यांचा तळ खाली उतरता असतो, लांबच्या माऱ्याच्या सरळ असतात. बोट घालून बघा, लगेच समजतं. तीन, पोकळ विटांचे टेहळणी बुरुज. चार, चोरदरवाजे. आणि चांग्न्योंगमुनच्या पुढे दक्षिणेला थोडं गेलात तर पाच धुरांड्यांचा इशाऱ्याचा बुरुज. एका धुरांड्यातून धूर म्हणजे सगळं ठीक, जितकं संकट मोठं तितकी जास्त धुरांडी पेटवायची.

शेंगदाणा:
एवढं कौतुक कशाला? कोरियन युद्धात किल्ल्याची वाट लागली होती. आज जे दिसतं त्यातलं बरंच १९७० च्या दशकात बांधलेलं आहे. आपल्याकडे असं केलं असतं तर सिमेंटचा किल्ला म्हणून नावं ठेवली असती.

दुर्गवेडा:
अर्धी माहिती घेऊन धाग्यावर येऊ नये. बांधकामाची सविस्तर नोंदवही १८०१ मध्ये छापली गेली: नकाशे, प्रत्येक भागाची चित्रं, सामानाचा खर्च, कोणत्या कारागिराने किती दिवस काम केलं आणि त्याला काय मजुरी मिळाली, हेसुद्धा. जोंग याकयोंग या विद्वानाने दगड उचलायला कप्प्यांची यारी तयार केली होती, तिचं चित्रही त्यात आहे. त्यावरून पुन्हा उभारला म्हणून तर जागतिक वारसा झाला. आपल्याकडे एका तरी किल्ल्याची अशी वही आहे का?

शेंगदाणा:
आपले १२ किल्ले २०२५ मध्ये यादीत आलेच की, वहीशिवाय.

दुर्गवेडा:
११ महाराष्ट्रातले आणि १ जिंजी, तमिळनाडूत. नीट लिहा.

शेंगदाणा:
मी १२ च लिहिलं होतं.

सुमाकाकू:
अवांतराला वेगळा धागा काढा रे.

चिंचगुळ:
खडीसाखर, खूप आभार, पहिल्या दिवसाचा प्रश्न सुटला. पण नकाशाचं काय? आणि जेवायचं काय? घरून डबा नेऊ का?

उत्तरेचा वारा:
नकाशाचं सोपं आहे. कोरियाने बरीच वर्षं तपशीलवार नकाशे परदेशी सर्व्हरवर नेऊ दिले नाहीत म्हणून गूगल इथे अडखळतं. नेव्हर मॅप टाका, इंग्रजीत चालतं, बसही दाखवतं. मी तर नेव्हरशिवाय पाऊल टाकत नाही.

बिनसाखरेचा चहा:
काकाओ मॅप जास्त चांगलं.

उत्तरेचा वारा:
नेव्हरच.

चकली_स्पेशल:
सुवॉनला जाऊन गाल्बी (भाजलेल्या बरगड्या) खाल्ली नाही तर फुकट! तिथली मोठ्या हाडाची गाल्बी सगळ्या कोरियात प्रसिद्ध आहे. आणि पालदालमुनजवळच्या गल्लीत अख्खी तळलेली कोंबडी, रांगेने दुकानं आहेत. तोंडाला पाणी सुटलं.

सुमाकाकू:
चकलीताई, "शाकाहारी, अंडंसुद्धा नाही" हे वर लिहिलंय.

खडीसाखर:
डबा ने. बिबिम्बाप (भाज्या घातलेला भात) मांस आणि अंडं वगळून मागता येतं, पण शेजारच्या वाटीतल्या किमचीत बहुधा मासळीचा किंवा कोळंबीचा खार असतो, आणि रश्श्याला सुक्या मासळीचं पाणी. सासूबाईंना नंतर कळलं तर तुझं काही खरं नाही. बाजारात गरम होत्तोक मिळतो, आत गूळ-दालचिनी. मी विचारून घेते कशात तळलाय. ठेपले आणि दहीभात तळ्याकाठी काढलात तरी कोणी वळून बघणार नाही, तिथे सगळेच खात बसलेले असतात.

दुपारी हेंगगुंग राजवाडा कर. राजा कबरीच्या दर्शनाला यायचा तेव्हा इथे उतरायचा. १७९५ मध्ये आईची साठी इथेच साजरी केली. सगळं एका पातळीवर आहे, बाबागाडी अंगणातून फिरते. जपानी काळात बराचसा पाडला होता, आता परत बांधलाय. (शेंगदाणा, प्लीज नको.) सोमवार सोडून सकाळी ११ च्या सुमारास फाटकासमोर तलवारी-भाल्यांची प्रात्यक्षिकं असतात, ती बघायची तर क्रम उलटा कर, राजवाडा आधी. जाण्यापूर्वी वेळ बघून घे. राजवाड्यापासून योनमुदेपर्यंत छोटी पर्यटक गाडीही धावते, पण तिकिटं लवकर संपतात.

चिंचगुळ:
दुसरा दिवस? चकाचक?

उत्तरेचा वारा:
ह्वासो स्टेशनजवळचं स्टारफील्ड मॉल. २०२४ च्या जानेवारीत उघडलं. आतलं वाचनालय अनेक मजले उंच आहे, पुस्तकांच्या भिंतीच. लिफ्ट, बसायला जागा, स्वच्छतागृहं, बाळासाठी खोली. शनिवारी गर्दी मरणाची, म्हणून स्टारफील्ड शुक्रवारी आणि किल्ला शनिवारी असं करा.

खडीसाखर:
शनिवारी किल्ल्यालाही गर्दीच. पण मोकळ्यावरची गर्दी चालते. संध्याकाळी ग्वांग्यो तलाव, फळ्यांच्या वाटेवरून चालायचं, चढ नाही. तिथली गॅलेरिया या मोठ्या दुकानाची इमारत बाहेरून बघ, दगडी चौकटींच्या ठोकळ्यातून काचेची वाट वर वळत गेलेली. आत महाग.

शेंगदाणा:
सासरे इंजिनियर असतील तर सॅमसंगचं संग्रहालय. विजेच्या शोधांपासून टीव्ही-फोनपर्यंत. आधी नोंदणी कुठल्या दिवशी लागते ते साइटवर बघा.

चिंचगुळ:
सासरे नगरपालिकेत आरोग्य खात्यात होते.

उत्तरेचा वारा:
मग हेउजेला न्याच! सुवॉनचे माजी महापौर सिम जे-दक यांनी स्वच्छतागृहांच्या सुधारणेसाठी आयुष्य घालवलं, जागतिक संघटना काढली आणि २००७ मध्ये स्वतःचं घर कमोडच्या आकाराचं बांधलं. त्यांच्या पश्चात घरच्यांनी ते शहराला दिलं, आता संग्रहालय आहे. बागेत उकिडवे बसलेले पुतळे. फुकट आहे. मी हसत गेलो होतो, पण आतली मांडणी गंभीरपणे केली आहे.

चिंचगुळ:
हे नवऱ्याला वाचून दाखवलं, तो म्हणाला, "बाबा तिथून हलणार नाहीत." ठरलं. शुक्रवारी हेउजे आणि स्टारफील्ड, शनिवारी राजवाडा, मग जांगानमुन ते चांग्न्योंगमुन, डब्यासकट. दुर्गवेडा, जंग्यांत बोट घालून बघायला सासऱ्यांना सांगते.

दुर्गवेडा:
पाच धुरांडी विसरू नका.

चकली_स्पेशल:
ठरलं ना? मग नवऱ्यासाठी तरी कोंबडी बांधून घ्या.

बिनसाखरेचा चहा:
आणि रविवारी सोल.

फोडणीचा भात:
धागा वाचला नाही पूर्ण. भारतातून कोरियाचा व्हिसा मिळायला किती दिवस लागतात? आम्हाला बुसानला जायचंय.